सरकता किनारा

पाइन आणि सुरू ही झाडे एका कुळातील नव्हेत. पाइनची सुई हे त्याचे खरोखरीचे पान असते. सुरूची जी सुई आपण पान म्हणून ओळखतो ती वास्तविक एक बारीक हिरवी डहाळी, आणि तिची पाने पेरापेरांवर इवल्याशा खवल्यांसारखी चिकटलेली असतात. असे असूनही समुद्राचा वारा त्यांच्यातून वाहू लागला की दोघांचा आवाज एकच. वसईच्या किनाऱ्यावर ज्यांचे बालपण गेले त्यांना त्या आवाजाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. इंग्लंडच्या वायव्येस, लिव्हरपूल आणि साउथपोर्ट या दोन शहरांच्या दरम्यान, फॉर्म्बी नावाच्या गावालगत वाळूच्या टेकड्या आणि पाइनचे वन यांचे एक राखीव क्षेत्र आहे. तेथे प्रथम पाऊल ठेवले तेव्हा आम्ही उभयता काही न बोलता एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही कानांनी एकच गाव ओळखला होता.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात आमचा मुक्काम लिव्हरपूलला होता. धाकटी कन्या तेथे परिचारिका आहे. तिची पाळी असे त्या दिवशी घरात बसून राहण्यापेक्षा आम्ही दोघे डबा बांधून बाहेर पडत असू. त्या दोन महिन्यांत फॉर्म्बीला आम्ही तीन वेळा गेलो. पहिल्यांदा कन्येने नेले. नंतरच्या दोन्ही वेळा आमचे आम्हीच गेलो, आणि त्यातील दुसऱ्या खेपेस तर एक कामगिरी घेऊन गेलो. ती कोणती, ते पुढे येईलच.

लिव्हरपूल सेंट्रलहून साउथपोर्टकडे जाणारी विजेची गाडी पकडायची आणि फ्रेशफील्ड या लहानशा स्थानकावर उतरायचे. वाटेत क्रॉस्बी लागते. क्रॉस्बी काय, फॉर्म्बी काय, या नावांच्या शेवटी असलेला ‘बी’ हा जुन्या व्हायकिंग दर्यावर्दी लोकांच्या भाषेतला, वस्ती या अर्थाचा. आपल्याकडच्या ‘पाडा’ किंवा ‘आळी’सारखा म्हणता येईल. क्रॉस्बीच्या पुढे, रुळांपासून थोड्या अंतरावर लिटल क्रॉस्बी हे खेडे आहे. इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर निर्बंध होते त्या काळात ज्या थोड्या गावांनी जुना धर्म सोडला नाही त्यांपैकी हे एक. तेथील कॅथलिक मृतांना धर्मग्रामाच्या दफनभूमीत जागा नाकारली गेली, तेव्हा विल्यम ब्लंडेल या जमीनदाराने १६११ साली स्वतःच्या शेतातच दफनभूमी काढली, आणि तेथे खणताना व्हायकिंग काळातील चांदीची नाणी हाती लागली! गाडीतून यातले काहीच दिसत नाही. हिरवी शेते तेवढी मागे पळतात. पण ज्या भूमीवर आपण उतरणार आहोत तिच्याशी नाते जोडायला आम्हाला एवढे पुरे झाले.

फ्रेशफील्डच्या फाटकापासून समुद्राच्या दिशेने सुमारे मैलभर चालले की घरे संपतात आणि वन सुरू होते. झाडांचे बुंधे सरळ, तांबूस करड्या सालीचे. खाली सुयांचा जाड थर, त्यामुळे पावलांचा आवाज होत नाही. ऊन पडले की राळेचा वास येतो. मात्र हे वन आपोआप उगवलेले नाही. एकोणिसावे शतक संपता संपता आणि विसाव्याच्या आरंभी ते माणसांनी लावले. वाळू उडून मागच्या जमिनींवर येऊ नये, शेतांना व वस्तीला वाऱ्यापासून आडोसा मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. या लागवडीत पुढाकार घेणारा जमीनदार चार्ल्स वेल्ड-ब्लंडेल हाही या भागातील एका जुन्या कॅथलिक घराण्यातला. त्याने मुख्यतः कॉर्सिका बेटाकडचा पाइन निवडला, कारण खारा वारा आणि रेताड जमीन या दोहोंना तो दाद देत नाही.

या वनाचे खरे रहिवासी म्हणजे लाल खारी. आपल्या पाठीवर प्रभू रामाची बोटे मिरवणाऱ्या खारीपेक्षा ही अंगाने मोठी, विटकरी रंगाची. कानांवर केसांचे झुबके. एकेकाळी ती साऱ्या इंग्लंडभर होती. १८७६ साली अमेरिकेतील करडी खार केवळ हौसेखातर येथे आणून सोडण्यात आली, आणि तिने लाल खारीला जवळजवळ देशोधडीला लावले. करड्या खारीच्या अंगात देवीसारख्या एका रोगाचे विषाणू असतात. तिला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही, लाल खार मात्र काही दिवसांत दगावते. २००८ च्या साथीत फॉर्म्बी परिसरातील ऐंशी टक्क्यांहून अधिक खारी मेल्या. उरलेल्यांपासून पुन्हा हळूहळू प्रजा वाढली. आम्हाला पहिल्या खेपेस एकही दिसली नाही, दुसऱ्या खेपेस दोन दिसल्या. एक तर आमच्यापासून हातभर अंतरावर शंकूसारखे फळ दोन्ही पंजांत धरून ते मक्याच्या कणसासारखे फिरवून खात होती.

वनाच्या कडेला काही सपाट मोकळी शेते आहेत, आणि त्यांत जुन्या सरी-वरंब्यांच्या ओळी अजून ओळखू येतात. हे आस्पॅरॅगसचे मळे होते. आपल्या शतावरीच्या कुळातली ही भाजी. तिचे कोवळे कोंब खातात. गेल्या शतकात फॉर्म्बीच्या शेतकऱ्यांनी वाळूच्या टेकड्या फावड्यांनी सपाट केल्या, शहरातून आगगाडीने येणारे सोनखत त्या रेतीत मिसळले आणि नाव घेण्याजोगे पीक काढले. त्या वरंब्यांजवळ आम्ही बराच वेळ थांबलो. आमच्या आजोबांनीही असेच केले होते. वाळूत खड्डे काढायचे, त्यांत गाळ, शेण आणि कुजलेली मासळी घालायची, आणि वर्षभर रहाटाचे पाणी द्यायचे, तेव्हा कोठे केळीला तोंड फुटायचे. रेतीत सोने पिकवणारा शेतकरी कोणत्याही देशातला असो, त्याच्या कष्टांची रीत सारखीच दिसते.

वन संपते तेथे टेकड्या सुरू होतात. इंग्लंडमधील वालुकाटेकड्यांचा हा सर्वांत मोठा पट्टा मानला जातो. काही टेकड्या दुमजली घराएवढ्या उंच आहेत. दोन टेकड्यांच्या मधल्या लवणात हिवाळ्यात पाणी साचते, आणि त्या उथळ डबक्यांत नॅटरजॅक नावाचा दुर्मीळ बेडूक अंडी घालतो. हा बेडूक उड्या मारीत नाही, उंदरासारखा पळतो. वसंतातल्या रात्री त्याचे ओरडणे दूरवर ऐकू जाते असे म्हणतात. आम्ही दिवसा गेल्यामुळे आम्हाला ते भाग्य लाभले नाही.

या साऱ्या टेकड्यांना धरून ठेवणारे एक गवत आहे. त्याचे नाव मॅरम. दिसायला अगदी सामान्य, करडे-हिरवे, बोटाला लागले तर कापणारे. पण त्याची करामत विलक्षण आहे. वारा वाळू घेऊन येतो, गवताच्या पात्यांत अडखळतो आणि वाळू तेथे टाकून पुढे जातो. इतर झाडे वाळूखाली गाडली गेली की मरतात. मॅरम गाडले गेले की नवे कोंब वर काढते. जितकी वाळू वर पडेल तितके ते चढत जाते, आणि त्याच्या मुळ्यांच्या जाळ्यावर टेकडी उभी राहते. उलट वाळू पडायची थांबली तर ते रोडावते. पूर्वी या भागातील कुळांनी दरवर्षी ठराविक मॅरम लावलेच पाहिजे अशी अट जमिनीच्या करारात असे. १७४२ साली तर ते कापण्यास मनाई करणारा कायदाच ब्रिटिश पार्लमेंटने केला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १७३९ मधील एका वादळाने फॉर्म्बीचे जुने प्रार्थनामंदिर उद्ध्वस्त केले होते. (१७३९ हे साल आम्हा वसईकरांना वेगळ्याच वादळासाठी पाठ असते!)

मॅरम पाहून आम्हाला मर्यादवेल आठवली. आपल्या किनाऱ्यावर वाळूत पसरणारी, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, जांभळ्या फुलांची ती वेल. तिला हे नाव ज्या कोणी दिले त्याला किनाऱ्याचे शास्त्र पुस्तकावाचून कळलेले असावे. समुद्राने येथवर यावे, जमिनीने येथवर जावे, एवढी खूण ती करते. पुढे सुरू आला, तोही दूरच्या देशातून, ऑस्ट्रेलिया व त्याच्या आसपासच्या बेटांकडून. वनखात्याने त्याच्या रांगा लावल्या, आम्ही त्यांच्या सावलीत वाढलो, आणि सुरू म्हणजेच आपला किनारा असे मानू लागलो. मर्यादवेलीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. घरे बांधण्यासाठी वाळूच्या गाड्या भरल्या जाऊ लागल्या तेव्हा वाळूबरोबर तीही गेली. १९९१ साली किनारा नियमनाचा आदेश निघाला, कागदावर वाळू सुरक्षित झाली. कागदाबाहेर काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता त्या कामगिरीविषयी. आमचे थोरले बंधू वडिलोपार्जित वाडीत राहतात. लहानपणी घरापासून समुद्र पाहायला सुरूच्या सात-आठ रांगा ओलांडाव्या लागत; त्यांतली आता एकच उरली आहे, तीही वाकलेली. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. गावाने धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्ज केला आहे. फॉर्म्बीचा समुद्रही जमीन खातो हे कन्येने फोनवर सांगितले तेव्हा दादा लगेच म्हणाले, “मग तिथली माणसं बंधारा कसा बांधतात तेवढं नीट बघून ये. दगड किती मोठा घालतात, उतार किती ठेवतात, सगळं विचार.”

दुसऱ्या खेपेस आम्ही पाहिले, आणि विचारलेही. फॉर्म्बीच्या टोकाशी समुद्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून आत येत आहे. सरासरी वर्षाला चार मीटर. २०१३-१४ च्या हिवाळ्यासारखी वादळे आली की एकेका भरतीत कित्येक मीटर. टेकड्यांची समुद्राकडील बाजू सुरीने कापल्यासारखी उभी दिसते. एके ठिकाणी त्या कापात काळपट तपकिरी थर आहेत. जवळ जाऊन पाहिले तर तो तंबाखूचा चोथा! १९५० नंतरच्या दोन दशकांत कारखान्यातील हा टाकाऊ माल टेकड्यांमध्ये आणून ओतला गेला होता. आता समुद्र तो उकरून काढतो आहे. किनाऱ्यालगतच्या वाहनतळाखाली घातलेला विटा-दगडांचा राडारोडाही असाच पुळणीवर येऊन पडला. आणि बंधारा? बंधारा तेथे नाही. ही जागा नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९६७ मध्ये विकत घेतली, आणि समुद्राला अडवायचे नाही असे तिचे धोरण आहे. तेथील एका ज्येष्ठ स्वयंसेवकाने आम्हाला ते समजावून सांगितले. दगडी भिंत घातली तर लाट तिच्यावर आदळून पायथ्याची वाळू ओढून नेते, पुळण जाते आणि शेजारचा किनारा अधिक खचतो. टेकडीला मोकळे सोडले तर वारा तीच वाळू मागे नेऊन टाकतो, आणि टेकडी जणू गुडघ्यांवर रांगत आत सरकते. पुढील शंभर वर्षांत किनारा चारशे मीटर आत येईल असा त्यांचा हिशेब आहे, आणि त्या हिशेबाने ते वाहनतळ, वाटा, कुंपणे मागे घेत आहेत.

येथे एक पेच आहे, आणि तो ऐकल्यावर आम्हाला रात्री झोप लागली नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण जेवताना तोच विषय निघाला. टेकडी मागे सरकू पाहते आणि मागे पाइनचे वन उभे आहे. पणजोबांच्या पिढीने टेकड्यांना थोपवण्यासाठी लावलेली झाडे आज टेकड्यांची वाट अडवतात. पुढून समुद्र, मागून वन, मधे टेकडी चिरडली जाते. मग झाडे तोडायची का? उत्तरेकडे एन्सडेल येथे १९६५ पासून राष्ट्रीय निसर्गराखीव क्षेत्र आहे. तेथील अधिकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात समुद्राकडची झाडे खरोखरच तोडली. टेकड्यांवरची मूळची फुलझाडे परत यावीत हा उद्देश होता आणि शास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. पण गावकरी खवळले. ज्या झाडांखाली त्यांचे आईबाप फिरायला येत, ज्यांवर लाल खार राहते, ती झाडे ‘परकी’ म्हणून कोणी कशी तोडतो, असा त्यांचा प्रश्न होता. विरोध एवढा वाढला की काम थांबवावे लागले. आम्हाला विचाराल तर आमचे मन गावकऱ्यांच्या बाजूने आहे आणि बुद्धी अधिकाऱ्यांच्या. सुरूची शेवटची रांग तोडायला कोणी कुऱ्हाड घेऊन आला, तर तो ऑस्ट्रेलियातून आला आहे हे आम्हाला आठवणार नाही.

हे सारे दादांना फोनवर सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “तिथं टेकडीच्या मागं कोणाची घरं आहेत?”

घरे आहेत, पण बरीच मागे. मधे वन आहे, शेते आहेत. समुद्राला द्यायला त्यांच्यापाशी जमीन आहे. आपल्या किनाऱ्यावर सुरूच्या मागे लगेच कुंपण, कुंपणामागे केळी, केळीमागे विहीर आणि विहिरीमागे ओटा. तेथे माघार घ्यायची म्हणजे कोणी, कोणाच्या वाडीत? जी संस्था स्वतःच्या मालकीच्या शेकडो एकरांतून चार मीटर सोडते तिचा शहाणपणा आम्ही मान्य करतो. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तोच शहाणपणा सांगायचा तर आधी त्याला दुसरी जागा दाखवावी लागेल. ती कोण दाखवणार, याचे उत्तर फॉर्म्बीत मिळण्यासारखे नव्हते. बंधारा घातला की शेजारच्या गावाची वाळू जाईल, हेही मात्र आम्ही दादांना सांगितले. शेजारचे गाव म्हणजे आमच्या वहिनींचे माहेर. त्यावर दादा काही बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. नाताळ संपल्यावर तेथील कुटुंबे आपापल्या घरचे ख्रिसमसचे झाड आणून देतात, आणि रेंजर मंडळी ती झाडे टेकडीच्या पायथ्याशी वाळूत गाडतात. फांद्यांत वाळू अडकते, ढीग वाढतो, मग त्यावर मॅरम रुजते. गोठ्याशेजारी दिव्यांनी सजलेले झाड जानेवारीत समुद्रापुढे जाऊन उभे राहते. समुद्र मोठा आला तर ते वाहून जाते; पुढल्या नाताळात नवे येते.

तिसऱ्या खेपेस आम्ही ओहोटीची वेळ पाहून गेलो. फॉर्म्बीच्या पुळणीवर, वाळू हटली की, खालच्या घट्ट चिखलाचे जुने थर उघडे पडतात, आणि त्यांत पावलांचे ठसे असतात. गॉर्डन रॉबर्ट्स या निवृत्त शिक्षकाने १९८९ पासून ते शोधून नोंदवायला सुरुवात केली. पाणथळ किनाऱ्यावरच्या मऊ चिखलात पावले उमटली, ती उन्हात कडक झाली, त्यांवर गाळ बसला आणि वर टेकड्या चढल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांतले सर्वांत जुने ठसे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. हरणे, रानबैल, क्रौंच पक्षी, आणि त्यांच्यात अनवाणी माणसे, लेकरांसह. समुद्राने टेकडी खाल्ली म्हणूनच ती दिसू लागली, आणि उघडी पडल्यावर थोड्याच भरत्यांत समुद्रच ती पुसून टाकतो.

आम्हाला हरणाच्या खुरांची एक ओळ स्पष्ट दिसली. तिच्या बाजूला एक मानवी पाऊल होते, लहान, टाचेशी खोल आणि बोटांकडे पुसट झालेले. सौभाग्यवतींनी पायातला बूट काढून आपले पाऊल त्याच्या शेजारी, जरा दूर कोरड्या वाळूवर ठेवले. ते लहान पाऊल तिच्या पावलाच्या अर्ध्याहून थोडे मोठे भरले. सात-आठ वर्षांचे मूल असावे असे तिने अनुमान केले. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे तिचे असले अंदाज सहसा बरोबर येतात. तेवढ्यात पाण्याची पहिली रेघ थराच्या कडेला येऊन पोचली, आणि आम्ही मागे वळलो.

परत आल्यावर वाडीत गेलो तेव्हा दादांनी कुंपणापुढच्या वाळूत मर्यादवेलीचे तुकडे हात-हात अंतरावर खोचलेले दिसले. पलीकडच्या खाडीवरून आणले होते म्हणे. पहिल्या पावसात निम्मे वाहून गेले, निम्मे रुजले. बंधाऱ्याच्या अर्जावरची त्यांची सही त्यांनी काढून घेतलेली नाही.